टाकीला लावलेली लाख

जुनी गाडी बघायला आलेला माणूस उभ्याउभ्यानेच गाडी बघत असेल, तर तो फसणार हे मला लगेच कळतं. जुनी गाडी खालून बघायची असते. वरचा रंग कोणीही दोन दिवसांत मारून देतो. खालचा पत्रा बघायचा तर कपडे मळतात आणि पाठ दुखते, म्हणून लोक तो बघत नाहीत. मी सत्तरी ओलांडली तरी अजून गाडीखाली जाते. उठताना हात द्यायला कोणी लागतं, एवढंच.

सिहोऱ्याला बपेऱ्याच्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, होते तोवर इंजिन त्यांचं आणि टाकी, रेडिएटर, सीट हे माझं काम होतं. ते गेल्यावर सगळंच माझ्याकडे आलं. आधी इथे ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी टॅक्सी जास्त यायच्या. दहा-बारा वर्षांपासून तुमसर, भंडारा, नागपूरचे लोक वेगळ्याच कामासाठी यायला लागले. त्यांना रविवारी फिरवायला जुनी गाडी हवी असते. अँबेसेडर, पद्मिनी, जीप. खेड्यातल्या शेडमध्ये, राइस मिलच्या मागे अशा गाड्या पडून असतात. त्या शोधायच्या, उभ्या करायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा झाला.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, स्वस्तातली जुनी गाडी कशी निवडावी ते लिहा आणि गिऱ्हाइकांचे किस्से टाका, वाचणाऱ्यांना गंमत वाटेल. मी चौथीपर्यंत शिकले, पण लिहिता येतं. गंमत आहे थोडी. बाकी जे लिहिणार आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी कामाचं सांगते. गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक न्यायचं, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या वर ते लावून बघायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची मॅट उचलायची. विकणारा म्हणतो ती चिकटली आहे, उचलू नका, तर नक्की उचलायची. गाडी सकाळी थंड असताना बघायची. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर थंड असताना ती सुरू व्हायला त्रास देते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, तेव्हा कागद आधी आणि गाडी मग. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, गाडी उभी कुठे होती? आमच्याकडे धानाचा भाग. प्रत्येक शेताशी बोडी, म्हणजे लहान तळं. बोडीच्या काठच्या शेडमध्ये दोन पावसाळे उभी असलेली गाडी खालून आणि आतून गंजते. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ उभी असेल तर उंदीर वायरी खातात. चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी जास्त खराब होते, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. त्याला वाटतं, कमी चालली म्हणजे चांगली.

आता गिऱ्हाइकं. नागपूरचे एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांनी तीन गाड्यांचे फक्त हॉर्न वाजवून बघितले आणि ज्याचा आवाज आवडला ती घेतली. त्या गाडीला ब्रेक नाहीत असं मी सांगितलं तर म्हणाले, "ते तुम्ही बसवाल ना." एक रिटायर क्लार्क अँबेसेडर घेऊन गेले, इंजिन काढून. अंगणात उभी केली आहे. रविवारी मागच्या सीटवर बसून पेपर वाचतात. मी विचारलं, "साहेब, पुढच्या सीटवर काहून नाई बसत?" म्हणाले, "नोकरीभर मागच्या सीटवर साहेबच बसत होता, बाई. आता मी बसतो." त्या माणसाने गाडी सगळ्यात बरोबर निवडली असं मला वाटतं.

नागपूरचाच एक जीपवाला होता. त्याला जीप दिसायला खटारा पाहिजे होती आणि चालायला नवी. "रस्त्यानं जाऊन राहिलो का लोकानं पायलं पायजे, पर मले धक्का नाई बसला पायजे." मी म्हटलं, मग रथ घ्या. हसला आणि जीप घेऊन गेला. याचा पुढे संबंध येतो.

त्याआधी टाकीचं सांगते. उभ्या गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजते. रिकामी टाकी पावसाळ्यात आतून ओलावा धरते आणि तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. जुन्या गाडीची नवी टाकी मिळत नाही. पत्रा इतका पातळ झालेला असतो की झाळ लावायला गेलं की भोक मोठं होतं. यावर मालकांचा एक उपाय होता, तो मीही तीस वर्षं केला. लाख. आमच्या भागात पळसाला आणि कुसुमाला लाख धरते, बाजारात मिळते. टाकी काढायची, सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवायची, उन्हात वाळवायची. लाख तापवून त्यात विटेची बारीक भुकटी मिसळायची आणि भोकावर आतून-बाहेरून दाबून बसवायची. गार झाली की दगडासारखी होते. पेट्रोलने तिला काही होत नाही. मालकांनी लाख लावलेल्या टाक्या मालक गेले तरी गळत नव्हत्या. मला या कामाचा गर्व होता. बाकीचे गॅरेजवाले टाकीला साबण चोळून पाठवायचे, तो महिनाभर टिकायचा. माझी लाख टिकायची.

प्रमिला मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा हा गर्व शाबूत होता.

त्या तुमसरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. यजमान वारलेले, मूल नाही. वडील बपेऱ्याला एकटे राहायचे. मॅडमनी दोन वर्षं त्यांची मनधरणी केली की माझ्याकडे तुमसरला या. म्हातारा तयार होत नव्हता. आमच्याकडे बाप मुलीच्या घरी पाणी प्यायलाही संकोचतो, राहणं लांबच. शेवटी त्याने एक अट घातली, दर रविवारी मला माझं शेत दाखवून आणशील तर येतो. बसने त्याचे गुडघे दुखायचे. म्हणून मॅडम पन्नाशीत गाडी शिकल्या आणि माझ्याकडे आल्या. नवी गाडी त्यांना परवडणारी नव्हती, आणि नकोही होती.

"नव्या गाडीत लाल दिवा लागते, काकू," त्या म्हणाल्या. "काहून लागला ते गाडीले मालूम, मले नाई. मले अशी पायजे का टोपण उघडलं का समजलं पायजे."

"त्याले बोनेट म्हणते, मॅडम."

"तेच. आन् मी आदमीच्या गॅरेजात गेलीच नाही. दोघांनी मले पायल्या-पायल्याच हसून देलं. तुम्ही बाईमाणूस हा. तुम्ही मले फसवान नाई."

मी त्यांना तीन गाड्या दाखवल्या. अँबेसेडरचं स्टिअरिंग त्यांना जड जात होतं. जीपमध्ये त्यांच्या वडिलांना चढता आलं नाही. वडील बरोबर आले होते, मारोतराव. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, कानाला बिडी अडकवलेली. त्यांनी जीपला हात लावला आणि म्हणाले, "इच्यात चढाले मले बैलबंडीवरून पाय द्या लागन." तिसरी पद्मिनी होती, फिक्या पिवळ्या रंगाची, एका राइस मिलच्या शेडमध्ये बोडीकाठी चार वर्षं उभी असलेली. तिचं दार रुंद उघडायचं, सीट बसक्या खाटेएवढी उंच. म्हातारा मागे बसला, पाय लांब केले आणि उतरायलाच तयार होईना. गाडी तिथेच ठरली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. तळाला कुठे पत्रा जोडला, ब्रेक नवे, वायरिंग अर्धी नवी. गाडी उचलून खालून दाखवली. त्या वाकून बघत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. टाकीबद्दल म्हटलं, "टाकी केली आहे." कशाने केली ते सांगितलं नाही. कोणालाच सांगत नव्हते, ती आमची घरची युक्ती होती. त्या वेळी त्यात काही खोटं आहे असं मला वाटत नव्हतं.

मॅडम गाडी घेऊन गेल्या. पहिल्या रविवारी बपेऱ्याहून परत जाताना गॅरेजवर थांबल्या. मागच्या सीटवर मारोतराव राजासारखे बसले होते. "बाई, धानाच्या बांध्यापाशी गाडी जाते," ते म्हणाले. "पोट्टे मांगं धावत होते. मले वाटलं, मी आमदार झालो." बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नागपूरचा जीपवाला परत आला. जीप आचके देत होती. कार्बोरेटर उघडला तर आत तांबूस चिकट राळ बसली होती. बोटाला लागली तर निघेना. मी त्याला म्हटलं, पंपावर घाण पेट्रोल मिळालं असेल. कार्बोरेटर धुऊन दिला आणि तो गेला. पण ते तांबूस मी जन्मभर हाताने मळलेलं आहे. मला कळलं होतं की ते काय आहे; त्या जीपच्या टाकीलाही लाख मीच लावली होती. फक्त कसं झालं ते कळत नव्हतं.

ते सुखदेवने सांगितलं. सुखदेव लाकडी सामानाला पॉलिश करतो, मोपेड दुरुस्तीला माझ्याकडे आणतो. त्याला मी ती राळ दाखवली. त्याने वास घेतला.

"हे चपडा होय, काकू. लाख. आमी स्पिरिटमधी टाकून ठेवतो, दुसऱ्या दिशी पालिश तयार."

"पेट्रोलात लाख नाई विरघळत रे. तीस साल झाले मी पाहून राहिली."

"पेट्रोलात नाई विरघळत. पर आता पेट्रोलात दारू राहते ना. पंपावर बोर्ड लागला आहे, वाचला नाई का तुम्ही? तुमाले तं वाचता येते."

बोर्ड मी वाचला होता. इथेनॉल म्हणजे दारूच, आणि ती आमच्याकडच्या तांदळाच्या कनकीपासूनही, म्हणजे कणीपासून, होते असं सगळे बोलत होते. पण त्याचा आणि माझ्या लाखेचा संबंध मी लावला नव्हता. मला ते पटलं नाही. मी एका काचेच्या बाटलीत पंपावरचं पेट्रोल घेतलं, त्यात लाखेचा तुकडा टाकला आणि फळीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी पेट्रोल बिनदुधाच्या चहासारखं झालं होतं. तुकडा हलवला तर बाटलीला घासला आणि पसरला.

गोष्ट इथे थांबवून कामाचं लिहिते. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तिच्या टाकीला कोणी लाख लावली असेल, ती माझी असो की दुसऱ्या कोणाची, तर आजच टाकी उतरवा. आत राळ साचते ती एक गोष्ट. खालून गळते ती दुसरी, आणि ती वाईट. पत्र्याची नवी टाकी बनवून मिळते. वेळ लागतो, पण मिळते. लाखेवर विसंबू नका.

हे मला त्या दिवशी बाटली बघून कळलं. फोन हातात होता. मॅडमना एक फोन करायचा होता, म्हणायचं होतं, गाडी उभी करा, मी येते. मी तो केला नाही. मी स्वतःला सांगितलं की त्या फक्त रविवारी चालवतात, एवढ्यात काही होत नाही. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या टाक्यांना नाव होतं. एकीला फोन केला की सगळ्यांना करावा लागणार. बाकीचे गॅरेजवाले म्हणणार, बुढीने लोकांना गळक्या टाक्या विकल्या. मी ठरवलं, हळूहळू, गाड्या दुरुस्तीला येतील तशा टाक्या बदलू, कोणाला काही कळणार नाही. आणि बाटली फळीच्या मागे सरकवली.

चार-पाच दिवसांनी मॅडमचाच फोन आला.

"काकू, डिक्कीत पेट्रोलचा वास येते. बाबा म्हणते, डोकं दुखते. आणून दाखवू का?"

इथे मी काय बोलले ते नीट लिहिते, कारण ते बदलून लिहायचा मोह होतो. मी म्हणाले, "जुन्या गाडीले वास राहतेच, मॅडम. काच खाली करून चालवा."

"मंग घाबरण्यासारखं नाई ना?"

"नाई."

"तुम्ही म्हणता तं बरोबरच असन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी त्यांना आणा म्हटलं असतं, तर टाकी उतरवताना त्या शेजारी उभ्या राहिल्या असत्या, वही घेऊन. त्यांना बघायला आवडायचं. त्यांनी विचारलं असतं, हे तांबूस काय आहे, काकू? त्या प्रश्नाला घाबरून मी नाही म्हटलं. दुसरं काही कारण नाही.

त्या रविवारी मॅडम आणि मारोतराव बपेऱ्याला गेले. गाडी शेताच्या कडेला, धुऱ्याच्या उंच बांधावर उभी केली. मॅडम बांधीत उतरल्या. म्हातारा गाडीतून उतरून मागे आला, डिक्कीला टेकला आणि बिडी पेटवली. वास त्यालाही येत होता. पण मुलीने त्याला सांगितलं होतं, काकू म्हणते वास राहतेच. त्याने काडी विझवून खाली टाकली, ती नीट विझली नव्हती. डिक्कीतल्या टाकीतून गळलेलं पेट्रोल मातीत मुरलेलं होतं. धोतराचा सोगा पेटला. मॅडमनी धावत येऊन त्याला बांधीतल्या चिखलात ओढलं म्हणून तो वाचला. डावी पोटरी भाजली. गाडी पूर्ण जळाली. शेजारच्या बांध्यांमधले सगळे लोक जमले होते.

सगळ्यांनी बघितलं की म्हाताऱ्याने बिडी पेटवली आणि गाडी जळाली. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. मॅडमनी तेच मानलं. मारोतरावांनीही तेच मानलं.

मी सरकारी दवाखान्यात बघायला गेले. मॅडम बाकावर बसल्या होत्या, हाताला पट्टी. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही एवढी मेहनत घेऊन गाडी बनवून देली, आन् आमच्या बाबानं एका बिडीपायी जाळली. मले तुमच्याकडं पाहाची सरम वाटते."

मी काय म्हणाले? म्हणाले, "जाऊ द्या, म्हातारं माणूस."

फोनवर मी खोटं बोलले ते भीतीने. हे मात्र मी शांतपणे बोलले. वरून त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. आत मारोतराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते जागे होते.

बरे झाल्यावर ते मुलीकडे परत गेले नाहीत. बपेऱ्यालाच राहिले. हे मला मॅडमनी सांगितलं, जळालेल्या गाडीचे कागद रद्द करायला विकणारी म्हणून माझी सही लागणार होती तेव्हा. "म्हणते, पोरीच्या घरी राहून पोरीचंच जाळलं, आता कोणत्या तोंडानं त्या घरी जेवू. चार वेळा आणाले गेली. येतच नाई. बिडी सोडली म्हणते. आता सोडून काय करते."

मी सही केली.

त्यानंतर मी एकदा बपेऱ्याला गेले. सांगायचंच म्हणून गेले. मारोतराव ओट्यावर बसले होते, पाय लांब करून. पोटरीची कातडी ताणलेली, चकाकणारी. त्यांनी स्वतः उठून चहा केला, लंगडत. दूध नव्हतं म्हणून शेजारून आणलं. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचीबी मेहनत गेली. मले माफी द्या."

मी चहा प्यायले. धान कसं आहे विचारलं. घरी आले.

असे महिने गेले. धंदा चालू होता. लाख लावणं मी बंद केलं होतं, एवढंच. कोणी टाकीचं विचारलं तर म्हणायचे, आता ते काम जमत नाही. मग एका सकाळी मॅडम पुन्हा गॅरेजवर आल्या.

"काकू, माह्यासाठी पुन्हा एक पाहा," त्या म्हणाल्या. "तशीच. रुंद दाराची."

"बाबा बसतीन का?"

"नाई. ते म्हणते, मी तुह्या कोणत्याच गाडीत कधी बसणार नाई. तरी पाहा. दारात उभी असली तं एखाद्या दिशी मन बदलन." मग म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाच्या हातची मले नोको. तुमच्याच हातची पायजे."

त्या गेल्यावर मी गॅरेज बंद केलं आणि बस पकडून बपेऱ्याला गेले. फार विचार केला नाही. विचार केला असता तर गेले नसते, मी स्वतःला ओळखते.

मारोतराव घरामागे तणस रचत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. लाख, जीपवाला, सुखदेव, बाटली, फोन. फोनचं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना कळलं नाही असं वाटलं. त्यांना कळलं होतं. हातातली पेंढी त्यांनी ढिगावर नीट ठेवली.

"म्हंजे बिडी नोयती पेटवली तं काय झालं असतं?"

"टाकी गळतच होती, भाऊ. उद्या नाई तं परवा, कुठंतरी पेटलीच असती. कदाचित तुम्ही आंदर असता तवा."

"आन् तुमाले मालूम होतं."

"हो."

"दवाखान्यात आली तवाबी."

"हो."

"इथं बसून चाय पेली तवाबी."

"हो."

मला वाटलं, शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "पोरीले सांगतली का?"

"नाई."

"मंग मले कायले सांगून राहिली? मले नोको सांगू. तिले सांग." आधी ते मला तुम्ही म्हणत होते. आता तू म्हणाले. ते बरोबरच होतं. घरात जाऊन धुतलेला सदरा घालून आले. "चाल."

मी म्हटलं, शेजारच्याची गाडी मिळते का बघते, पाय दुखेल. "गाडीत नाई बसत," ते म्हणाले. आम्ही बसने गेलो. ते माझ्या पुढे दोन सीट सोडून बसले. वाटेत सिहोरा आलं, आमचं गॅरेज खिडकीतून गेलं. त्यांनी तिकडे बघितलं, मग समोर.

तुमसरला उतरून त्यांच्या मुलीच्या घरापर्यंत चालत गेलो. ते फाटकाशी थांबले. "तू जा. मी इथं हाव." मॅडम शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. दार उघडून मला बघितलं, हसल्या, आणि मागे वडील दिसले तेव्हा हसू थांबलं. "बाबा? काय झालं?"

"आधी इचं आयकून घे," ते फाटकावरूनच म्हणाले.

मी पायरीवर उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी कमी शब्दांत जमलं. मॅडम दाराची कडी धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मी फोन केला होता, का आणून दाखवू का म्हणून. तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

त्या माझ्याकडे बघत होत्या, मुलांच्या चुका बघण्याची सवय असलेल्या बाईसारख्या. त्यांनी माझ्यावरून नजर काढली.

"बाबा, आंदर या. पाय धुवा. मी भात टाकते."

मारोतराव पायरी चढले. पायरी अरुंद होती, मी बाजूला सरकले. ते आत गेले, मोरीवर पाणी पडल्याचा आवाज आला. मॅडमनी दार लावलं नाही. मला या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग मारोतराव म्हणाले, "थोडासाच टाक व, माय. मले एवढा जात नाई." मॅडम म्हणाल्या, "खा ना तेवढा. चार महिने झाले तुमाले इथं जेवून."

मी फाटक लावून घेतलं आणि स्टँडवर आले. परतीच्या बसला वेळ होता. बाकावर बसून मी पहिला फोन नागपूरच्या जीपवाल्याला केला.